तेवीस नंबरचं दप्तर

प्रश्न : काका, नमस्कार. आमचे बाबा मागच्या वर्षी गेले. चरईतली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून माळा आवरायला काढला, तर पत्र्याच्या ट्रंकेत त्यांची एक दोनशे पानी वही सापडली. तिच्यात ठाण्यातल्या एका दैनिकात येणाऱ्या चित्रपट्टीची 87 कात्रणं आहेत. शाळेत जाणारा एक विक्षिप्त मुलगा, दप्तर पोटावर अडकवणारा. त्याला नाव नाही, हजेरीपटावरून सगळे त्याला 'तेवीस' म्हणतात. मी तेव्हा पाचवीत होते. बाबा कचेरीतून आले की चहा घेता घेता ती पट्टी मला वाचून दाखवायचे. मग ती एकाएकी बंद झाली. का झाली? भाऊ म्हणतो, चांगली असती तर बंद कशाला पडली असती, रद्दीत दे. कात्रणं सेलोटेपने चिकटवलेली आहेत, टेप तपकिरी पडलाय. ही जपायची कशी? उरलेल्या पट्ट्या कुठे मिळतील? मिळाल्या तर पुस्तक काढता येईल का? सोबत तीन कात्रणांचे फोटो पाठवतेय, एक सुटं होतं त्याचे दोन्ही बाजूंनी.
एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : ताई, पहिला फोटो बघितला, चष्मा पुसला आणि परत बघितला. ही पट्टी मी नुसती वाचलेली नाही. रोज रात्री ती पानावर चिकटवायचं काम माझ्याकडे होतं.

मी त्या दैनिकात पेस्टिंगला होतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात. शिशाच्या अक्षरांचे खिळे जाऊन ऑफसेट छपाईचं तंत्र आलं होतं, पण पान अजून संगणकावर लागत नव्हतं. मजकुराच्या ब्रोमाइडच्या, म्हणजे फोटोसारख्या कागदावर उमटवलेल्या पट्ट्या यायच्या, त्या कात्रीने कापून, मागे रबर सोल्यूशन लावून आम्ही पानाच्या आकाराच्या कागदावर बसवायचो. मग त्या पानाची निगेटिव्ह, निगेटिव्हवरून प्लेट. पुण्यात 'सकाळ'मध्ये 'चिंटू' 21 नोव्हेंबर 1991 ला सुरू झाला होता आणि मराठी पेपरातही रोजची पट्टी चालते हे सगळ्यांना दिसलं होतं. आमच्या संपादकांनाही वाटलं, ठाण्याचा एक मुलगा हवा.

चित्रकार एका शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय नाव छापणं बरं दिसणार नाही, म्हणून मास्तरच म्हणतो. जूनमध्ये शाळा उघडल्या त्या आठवड्यात पट्टी सुरू झाली आणि दिवाळीत थांबली. आठवड्याला सहा, त्यातही काही दिवस जागेअभावी गळाली. म्हणजे एकूण शंभराच्या थोड्या वर छापल्या गेल्या असतील. त्यातल्या 87 तुमच्या वडिलांनी ठेवल्या. आमच्या कचेरीतसुद्धा कुणी एवढ्या ठेवल्या नव्हत्या.

तुमचा दुसरा फोटो मला नीट आठवतो, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. चार चौकटी. पहिलीत बाई विचारतात, "दप्तर पोटावर का रे?" दुसरीत तेवीस सांगतो, "पाठीवर असलं की आत काय चाललंय ते कळत नाही." तिसऱ्या चौकटीत एक शब्दही नाही. बाई मान वळवून खांद्यामागे लोंबणाऱ्या स्वतःच्या पर्सकडे बघताहेत. चौथीत शाळा सुटलीय, बाई फाटकातून बाहेर पडताहेत आणि पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. तेवीस त्या चौकटीत नाहीच.

तिसऱ्या चौकटीत बाईंच्या मानेची रेघ बघा. एका दमात ओढलेली आहे, कुठे खोडलेलं नाही, आणि तेवढ्या रेघेत बाईंना जरा भीती वाटली हे कळतं. मूळ चित्र आयव्हरी कार्डावर जवळजवळ फूटभर लांब असायचं, कॅमेऱ्यावर ते लहान करून घेत. फूटभराचं वीतभराहून कमी होऊनही ती रेघ मेली नाही. ज्याचा हात बसलेला असतो त्यालाच हे जमतं.

दप्तर पोटावर कुठून आलं, हे मी मास्तरांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "ठाणे स्टेशनवर सकाळी आठला उभे राहा. फास्ट लोकल शिरताना बघा. झाडून सगळ्यांची पर्स, पिशवी, डबा पोटाशी. तिथं कुणी त्यांना विक्षिप्त म्हणत नाही. तेच पोर शाळेच्या फाटकातून तसं शिरलं की मात्र विक्षिप्त." मला वाटतं त्या पट्टीचं सगळं मर्म इथे आहे. मास्तरांनी तेवीसला कधी वेडगळ काढलं नाही. मोठी माणसं जे रोज करतात तेच तो करायचा, फक्त भलत्या जागी. आणि पट्टीच्या शेवटी त्याला कुणी सुधारायचं नाही. शाळकरी पोरावरच्या बहुतेक पट्ट्यांत चौथी चौकट म्हणजे कान पिळलेला किंवा बाकावर उभं केलेलं पोर. मास्तर स्वतः रोज वर्गावर उभे राहत, तरी त्यांनी तसं एकदाही काढलं नाही. याचं मला तेव्हाही फार अप्रूप वाटायचं, आजही वाटतं.

आता बंद का पडली. दोन कारणं, आणि दोन्हींत तेवीसचा काही दोष नव्हता.

पहिलं जागेचं. सुरुवातीला पट्टीला तीन कॉलम मिळायचे, म्हणजे साधारण 12 सेंटीमीटर. गणपतीच्या सुमाराला दोन कॉलम झाले. 8 सेंटीमीटरमध्ये चार चौकटी म्हणजे एका चौकटीला 2 सेंटीमीटर. त्यात चेहरा काढायचा की वाक्य लिहायचं? मास्तरांनी शब्द कमी केले, मग चौकटी चाराच्या तीन केल्या. तुमच्या वहीत शेवटच्या पंचवीसएक पट्ट्या बघा, तिथे मला वाटतं तीनच चौकटी सापडतील. जी निःशब्द तिसरी चौकट त्यांची खासियत होती, तीच आधी गेली. दुसरं कारण हाताचं. दिवसभर शाळा, सहामाही परीक्षेचे पेपर, घरी आजारी आई, आणि रात्री उद्याची पट्टी. बातमी चार जण मिळून लिहू शकतात, पट्टी एकाच हातातून येते. तो हात एक दिवस उठला नाही की जागा रिकामी.

दिवाळीच्या आठवड्यात एका रात्री साडेआठच्या सुमाराला एका साड्यांच्या दुकानाची जाहिरात आली. पान लागून तयार होतं. "पट्टी उचल," असं वरून सांगितलं आणि मी ती उचलली. रबर सोल्यूशन ओलं असलं की ब्रोमाइड सहज सुटतं, नखसुद्धा लावावं लागत नाही. पेपर जाहिरातीवर चालतो, आमचे पगारही त्यातूनच निघायचे, म्हणून कुणाला बोल लावत नाही. पण दुसऱ्या दिवशी पट्टी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि वाचकांची जेमतेम पाच-सहा पत्रं आली. जागा एकदा भरली की ती परत मोकळी करायला कुणीतरी भांडावं लागतं. भांडायला मास्तरांकडे वेळ नव्हता, आणि माझं वय आणि हुद्दा भांडण्याजोगा नव्हता. ही खंत माझ्या मनात अजून आहे.

तुमच्या भावाचं म्हणणं मात्र मला पटत नाही. त्याला दोन गोष्टी सांगा. अमेरिकेत चार्ल्स शुल्झ नावाच्या तरुण चित्रकाराची 'लिल फोक्स' ही पोरांवरची चित्रं 1947 पासून सेंट पॉल शहरातल्या पेपरात आठवड्याला एकदा यायची. त्याने पैसे वाढवून मागितले, बरी जागा मागितली, रोज छापा म्हणाला. नाही म्हटल्यावर 1950 च्या सुरुवातीला त्याने ती थांबवली. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला त्याची 'पीनट्स' सात वर्तमानपत्रांतून सुरू झाली आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षं चालली. चार्ली ब्राउन हे नाव बंद पडलेल्या 'लिल फोक्स'मध्येच पहिल्यांदा आलेलं होतं. चांगलं नव्हतं म्हणून ते बंद पडलं, असं कोण म्हणेल?

दुसरी गोष्ट माझ्या जास्त जवळची आहे. रिचर्ड थॉम्पसन या अमेरिकी चित्रकाराची 'कल डी सॅक' ही पट्टी. 2004 मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या रविवारच्या पुरवणीत सुरू झाली, सप्टेंबर 2007 पासून रोजची होऊन इतर पेपरांतही यायला लागली आणि सप्टेंबर 2012 मध्ये थांबली. रोजची म्हणून पुरती पाच वर्षं. तिच्यात चार वर्षांची ॲलिस आहे, बालवाडीत जाणारी, रस्त्यातल्या गटाराच्या लोखंडी झाकणावर चढून नाचणारी. आणि तिचा शाळकरी मोठा भाऊ पीटी, खाण्याच्या बाबतीत महाकटकट्या, घाबरट, आपल्याच नादात असणारा. थॉम्पसनला पार्किन्सन्स झाला, हात साथ देईना, म्हणून पट्टी थांबली. 2016 मध्ये तो गेला. बिल वॉटरसनने स्वतःची 'कॅल्विन अँड हॉब्ज' ही गाजलेली पट्टी 1995 च्या अखेरीस थांबवली होती. त्याने या पीटीचं तैलचित्र काढून पार्किन्सन्सच्या मदतनिधीसाठी दिलं. इतक्या मोठ्या चित्रकाराला ज्या पोराचं चित्र काढावंसं वाटलं, ते पोर रोजच्या पट्टीत पाच वर्षंच होतं.

आता वहीकडे वळू. इथे घाई करू नका, कारण जे बिघडतं ते जपण्याच्या नादातच बिघडतं.

वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेल्या लगद्याचा असतो. त्यात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहतं आणि उजेड-हवा लागली की ते पिवळं पडतं. कागद आम्लधर्मी होत जातो आणि शेवटी घडीवर तुटतो. हे पूर्ण थांबवता येत नाही, लांबवता येतं. म्हणून आधी प्रत करा. वही सपाट ठेवून स्कॅनरवर 600 डीपीआयला, रंगीत स्कॅन करा, चित्र काळं-पांढरं असलं तरी. रंगीत स्कॅनमध्ये डाग वेगळा आणि शाई वेगळी राहते, पुढे साफ करायला सोपं जातं. वही स्कॅनरवर दाबून बसवावी लागत असेल तर नको. खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, मोबाइल बरोबर वरून धरून फोटो घ्या. हे काम पावसाळा संपल्यावर करा. आपल्याकडे खाडीची हवा, जुलैत कागद हाताला ओला लागतो, तेव्हा पानं उलटू नका.

सेलोटेप ओढायचा नाही. पेट्रोल, थिनर, हेअर ड्रायर, काही नाही. त्याचा डिंक कागदात मुरलेला आहे, ओढलात तर चित्राचा पापुद्रा घेऊन येईल. जुना टेप कधी कधी आपोआप सुटतो, सुटला तर तेवढाच काढा आणि त्या जागी नवा लावू नका. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, त्यातून कागद परत बाहेर काढता येत नाही. सुटी कात्रणं पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, स्टेशनरीत मिळणारे चकचकीत पीव्हीसी फोल्डर नकोत. वहीच्या पानांमध्ये आम्लरहित कागद घाला आणि वही पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. नवीन काही चिकटवायला खळ वापरायचा मोह होईल. खळीला कसर लागते, म्हणून तीही नको. वही मोडून कात्रणं वेगळी करू नका. तुमच्या बाबांनी ज्या क्रमाने लावली तो क्रमही आता त्या पट्टीचाच भाग आहे.

एक महत्त्वाचं. कात्रणांवर तारखा नाहीत, असं फोटोंवरून दिसतं. पण सुट्या कात्रणाच्या पाठीमागे 'मल्हार' सिनेमागृहाच्या खेळांच्या जाहिरातीचा अर्धा भाग आणि कुठल्याशा कसोटीच्या धावफलकाच्या चार ओळी आहेत. धावफलक म्हणजे तारीखच! खेळाडूंची नावं आणि धावा जुळवल्या की सामना कळतो, सामना कळला की अंक कळतो. बाकीच्या कात्रणांना टेप कोपऱ्यावरच असेल तर पान हलकेच उचलून मागे काय आहे ते टिपून ठेवा. सोन्याचे भाव, भरती-ओहोटीच्या वेळा, 'वंदना'ला लागलेला सिनेमा, काहीही उपयोगी पडतं.

उरलेल्या पट्ट्यांसाठी पहिली खेप ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात टाका. 1893 साली सुरू झालेली संस्था आहे, जुन्या नियतकालिकांची चौकशी तिथे करायलाच हवी. तिथे जमलं नाही तर मुंबई. 1954 चा एक कायदा आहे, त्यात 1956 मध्ये वर्तमानपत्रांचाही समावेश झाला. त्यानुसार प्रकाशकाने अंक चार ग्रंथालयांना पाठवायचा असतो: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईतलं मध्यवर्ती ग्रंथालय. छोट्या दैनिकांचे अंक नेमाने पोचलेच असतील असं नाही, पण जाताना तुमच्या वहीवरून काढलेल्या तारखा सोबत न्या. तारीख सांगितली तर अंक काढून मिळतो, 'दप्तरवाल्या मुलाची पट्टी' म्हणून विचारलं तर नाही.

पुस्तकाचं विचारलंत. घरापुरती प्रत करायला हरकत नाही. छापायचं तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्यानंतर 60 वर्षं हक्क राहतो. मास्तर पगारी नोकर नव्हते, बाहेरून चित्रं द्यायचे, त्यामुळे वेगळा लेखी करार झाला नसेल तर हक्क त्यांच्या घरच्यांकडे असावा. मी त्यांच्या मुलाशी बोलतो, मग तुम्हाला कळवतो.

आणि एक वस्तू मी तुम्हाला देणं लागतो. त्या रात्री उचललेली पट्टी कधीच छापली गेली नाही. मूळ चित्र मास्तर घेऊन गेले, ब्रोमाइड मी मागून घेतलं. कडा तपकिरी झाल्यात आणि मागच्या रबर सोल्यूशनचा डाग वरपर्यंत आलाय, पण चित्र शाबूत आहे. तीन चौकटी. "बावीस." "हजर." मग "तेवीस," आणि बाक रिकामा. शेवटच्या चौकटीत खिडकीच्या गजांपलीकडे पोटावर दप्तर घेतलेला तेवीस, कावळ्याकडे बघतोय. फुग्यात लिहिलंय, "हजर. पण इथे." त्याचा स्कॅन या आठवड्यात पाठवतो. वहीत 87 व्या कात्रणानंतरचं पान कोरं असेल तर तिथे तो नुसता ठेवा, चिकटवू नका.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ती दर रविवारी स्वतः काढलेली एक कॉमिक पट्टी लावायची. त्यातली मुलगी दप्तरात गोगलगाय घेऊन शाळेत जाते आणि उशीर झाला की गोगलगायीचं कारण सांगते. 11 झाल्या आणि तिने बंद केलं. सवय लागावी म्हणून मागे लागू का? आणि कुठलं पेन, कुठला कागद आणून देऊ? एक पट्टी सोबत जोडली आहे.
एक पालक, नेरूळ

उत्तर : मागे लागू नका. 11 रविवार एकच पोर डोक्यात घेऊन फिरणं हे सहावीतल्या मुलीसाठी बरंच झालं. त्या 11 पट्ट्यांच्या मागे पेन्सिलने तारखा घालून एका पाकिटात ठेवा, एवढंच काम तुमचं. वर मी ज्या वहीबद्दल लिहिलंय तिच्यावर तारखा असत्या तर आमचे कितीतरी श्रम वाचले असते.

सामान साधंच आणा. जाड बाँड कागद, ए-फोर आडवा धरला की चार चौकटी छान बसतात. पाण्याने न पसरणाऱ्या शाईची दोन फाइनलायनर, एक बारीक, एक जरा जाड. कच्चं काम एचबी पेन्सिलने, शाई वाळल्यावर खोडायचं. छापायचा विचार असेल तर दुप्पट मोठं काढायचं.

एक गोष्ट मात्र शिकवण्यासारखी आहे. अक्षरं आधी लिहायची, फुगा नंतर काढायचा. बहुतेक मुलं आधी फुगा काढतात आणि मग त्यात शब्द कोंबतात. इंग्रजी मोठी अक्षरं दोन रेघांत मावतात. आपल्या अक्षरांना शिरोरेघेवर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. म्हणून शिरोरेघ पेन्सिलने आखून घ्यायची, तिच्यावर आणि अक्षराखाली जवळजवळ अर्ध्या अक्षराची जागा सोडायची, दोन ओळींत वरचा उकार आणि खालची वेलांटी भांडणार नाहीत हे बघायचं. मास्तर हे काम चित्राच्याही आधी करत.

तुम्ही पाठवलेली पट्टी मी भिंग घेऊन बघितली. गोगलगाय दप्तराच्या बंदावरून चढतेय, चार चौकटींत मिळून ती जेमतेम बोटभर सरकलीय आणि मुलीचं लक्षच नाही. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. दुसऱ्या चौकटीत 'हळू'मधला उकार मात्र खालच्या रेघेला टेकलाय. तेवढं तिला दाखवा.